सातवा रकाना

नांदुरा
२५ जून २०२५

प्रिय चिंतामण,

काल, मंगळवारी, २४ जूनला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या कॉलेजच्या फळ्यावर बी.एस्सी.ची यादी लागली. त्या मिनिटाला जो अन्याय झाला, त्याबद्दल मी संस्थेच्या अध्यक्षांना लिहिते आहे. ते माझे धाकटे भाऊ आहेत, ही त्यांची अडचण.

यादीतल्या शेवटच्या नावापुढे चौऱ्याहत्तर गुण होते. बारावीचे चौसष्ट, वर दहा वारशाचे, म्हणजे घरातलं कोणी संस्थेत असल्याचे. त्याखाली प्रतीक्षा यादीत पहिली जयमाला, रोहिणखेडची, स्वतःच्या एकाहत्तर गुणांसह. तिचा बाप गोविंदा माझा जुना विद्यार्थी. यादी दोनदा वाचून तो माझ्याकडे वळला. "काऊन बाई, आता आजीचेही मार्क भेटतात का? आमच्या पोरीलेही आजी होती. ह्याच बिल्डिंगवर घमेली वाहे. तिचे किती लावता?" लोक हसले. जयमाला त्याची बाही ओढत होती, "बाबा, चाला ना." नांदुऱ्यात तिची मावशी राहते म्हणून तो तिला पुढे शिकवायला तयार झालेला. दुसऱ्या गावी पोर ठेवणार नाही, हे त्यानं आधीच सांगितलं आहे. इथं जागा नाही, तर तिचं शिक्षण संपलं.

तू हा नियम आणलास तेव्हा सभेत मी विचारलं होतं, गुण पोरांना द्यायचे की घराण्यांना? तू म्हणालास, ज्यांनी संस्था उभी केली त्यांचा मान ठेवायला नको का? मान ठेवायला हार असतो, चिंतामण, आणि तो दुसऱ्या दिवशी वाळतो. तुझे दहा गुण वाळणार नाहीत. आज आजीचे, उद्या पणजीचे. पन्नास वर्षांनी तुझ्या कॉलेजात संस्था उभी करणाऱ्या त्याच पंधरा घरांची पोरं बसतील आणि घमेली वाहणाऱ्यांची बाहेर यादी वाचतील.

आता ते शेवटचं नाव. तू ओळखलंच असशील. गार्गी, माझी नात. तिचा फॉर्म माझं अक्षर चांगलं म्हणून मी भरला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. सातवा रकाना, 'संस्थेशी नाते'. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'निवृत्त विभागप्रमुखांची नात'. त्याचे गुण मिळतात हे माहीत नव्हतं असं सांगितलं असतं, तर तू विश्वास ठेवला असतास. पण मला माहीत होतं. काल गार्गी घरी येऊन एवढंच म्हणाली, "आजी, पेढे आणू नकोस." आज सकाळी सोबतचा अर्ज तिनंच लिहिला, खाली आम्हा दोघींच्या सह्या आहेत. तिचा प्रवेश रद्द कर. जागा जयमालाला दिल्याचं आणि पुढच्या वर्षीच्या फॉर्मातून सातवा रकाना काढल्याचं लेखी उत्तर मला शुक्रवारी, २७ जूनला संध्याकाळी पाचच्या आत हवं. फोन करू नकोस. फोनवर तू मला ताई म्हणतोस.

तुझीच,
प्रतिमा