आरोपी क्रमांक सात

३ जून

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक अत्यंत गंभीर तक्रार नोंदवायची आहे. कंपनीच्या वार्षिक फोटोत मी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतो. न्यायालयाने मात्र मला आरोपी क्रमांक सात केलं आहे, कंपनी सेक्रेटरीच्याही खाली. ज्येष्ठतेचा असा अनादर आमच्या पाठशाळेत छडीला पात्र ठरला असता.

घाबरू नकोस. पंप बनवणाऱ्या कंपनीत संस्कृतचा मास्तर कशाला, असं तू नेहमी विचारतेस. अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी; त्याला संचालक मंडळात शोभेला एक पांढरं डोकं हवं होतं, एवढंच. आता आमच्या एका दिवंगत फिटरची बायको म्हणते, की तिच्या नावचे शेअर खोट्या सहीच्या अर्जावर अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या नावे झाले. गेल्या वर्षी अकरा फेब्रुवारीच्या बैठकीत मंडळाने त्याला मंजुरी दिली. तिने फसवणुकीची फौजदारी तक्रार केली आणि आम्हां सगळ्यांना सरसकट समन्स निघालं. वकील म्हणतात, कोणी नेमकं काय केलं हे तक्रारीत नाही, नुसती पदं आहेत. वरचं कोर्ट समन्स रद्द करील. तोवर मी पूज्यही आहे आणि संशयितही.

तुझा लोभ शाबूत असावा. जामिनाला सध्या तोच हाताशी आहे.

तुझा,
पंडित

९ जून

चि. पंडितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विद्वत्ता पुरे. गेल्या वर्षी अकरा फेब्रुवारीलाच माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तू सकाळपासून दिवे लागेपर्यंत माझ्या खाटेशी बसून नर्सशी हुज्जत घालत होतास. मग बैठकीला काय तुझं भूत गेलं होतं? दवाखान्याचा कागद सोबत जोडते, त्यावर सोबतीचा माणूस म्हणून तुझं नाव आहे. वकिलाला दाखव आणि मोकळा हो. साक्षीला यायचं तर मी येईन, एका डोळ्याने का होईना.

पण ही साधी गोष्ट तू पत्रात का लिहिली नाहीस? काही लपवायचं असलं की तू लहानपणीही असाच विनोद करायचास. खरं काय ते कळव.

तब्येत सांभाळ, मला विसरू नकोस.

ताई

२१ जून

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस.

आमच्याकडे पद्धत अशी, की संचालक गैरहजर असला तर दुसऱ्या दिवशी शिपाई हजेरीपुस्तक त्याच्या घरी आणतो. अठरा वर्षं मी चहाचा कप बाजूला सारून सही करत आलो. बारा फेब्रुवारीलाही केली. बैठक कायदेशीर ठरायला पाच माणसं लागतात. आदल्या दिवशी चारच आले होते, हे मला आता कळलं. पाचवा मी.

वकिलांनी तुझा कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवला. म्हणाले, हा बाहेर काढलात तर सही खोटी ठरेल आणि सातव्याचे तुम्ही पहिले व्हाल. तुम्ही स्वतः काही केल्याचं तक्रारीत नाही, हाच आपला बचाव. तोंड उघडू नका.

काल कोर्टाच्या व्हरांड्यात ती बाई भेटली. मी तोंड चुकवत होतो, तर तिनेच पुढे येऊन नमस्कार केला. म्हणाली, कंपनीने मंजुरीचे कागद आणि हजेरीपुस्तक दाखवलं तेव्हा त्यात मास्तरांची सही दिसली. नवरा म्हणायचा, तो एक माणूस सरळ आहे. म्हणून वाटलं, आपलंच काही चुकत असेल. वर्षभर ती गप्प बसली. तेवढ्यात शेअर आणखी दोन हातांत गेले. मी चष्मा पुसत राहिलो, ताई. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

समन्स रद्द करण्याच्या अर्जावर सोमवारी सुनावणी आहे. तुझा कागद अजून खिशातच आहे. लोभ असू दे म्हणायला आज संकोच वाटतो, तरी म्हणतो.

तू खरं विचारलंस म्हणून सांगतो. समन्स रद्द व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचीच मला भीती वाटते.

तुझा,
पंडित