पब्लिक हाऊस म्हणजे काय

मी, फिलोमिना शांतवन ओहोळ, वय ७६, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार भिंगार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी व्याकरणावर बोलून पाहावे.

१. माझे राहते घर बहिणीची मुलगी आराधना हिला मिळावे. भावाचा मुलगा सॅम याला काही नाही. त्याच्या वडिलांनी आपला वाटा केव्हाच उचलला. सॅम आला की स्क्वेअर फूट विचारतो. आराधना विचारते, "मावशी, यंदा कुठं गळतंय?"

२. घर असे: काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या दोन हात रुंद भिंती, वाकून शिरावे असा दरवाजा, पिंपे उतरवायला तळघरात दगडी घसरण. बांधणाऱ्या गोऱ्या सार्जंटला विलायतेतल्या गावाची इतकी आठवण येई, की नगरच्या उन्हात त्याने भिंतीत शेकोटी आणि वर धुराडे काढले. तिथे आजवर फक्त मांजरी व्याल्या. आतल्या लांब सागवानी काउंटरवर मी बाराखडी गिरवली.

३. आजोबांनी हे घर १९४७ साली खरेदी केले. खरेदीखतात "पब्लिक हाऊस" असे आहे. पुढे कचेरीत कोणीतरी त्याचे "सार्वजनिक गृह" केले, आणि सार्वजनिक म्हणून ते आता सरकारजमा करायचे आहे. नऊ वर्षे अर्ज करून मी थकले. मागच्या सुनावणीत कारकून गोरक्षनाथ म्हणाले, "बाई, पब्लिक म्हंजे सार्वजनिक. आमी काय चुकीचं लिव्हलं?"

"पब्लिक स्कूलवाले फी घेतात ना?" मी म्हणाले.

"मंग तुमीच सांगा, पब्लिक हाऊस म्हंजे काय?"

बाकावर चर्चमधल्या दोघी बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी फाईल मिटली. आईने जन्मभर सगळ्यांना हे घर म्हणजे "पाद्र्यांचा जुना बंगला" असेच सांगितले, मीही कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांना तेच सांगितले. कागदावर आले: अर्जदारास उत्तर देता आले नाही. अडतीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या बाईला.

४. माझा शब्दकोश गोरक्षनाथ यांना द्यावा. पी अक्षराची पाने दुमडून ठेवली आहेत.

५. पुढची सुनावणी २२ जानेवारीला आहे. मी नसले तर आराधनाने तिथे मोठ्याने वाचावे: पब्लिक हाऊस म्हणजे पब, दारूचा गुत्ता; हे घर म्हणजे तसाच गुत्ता होता. गोरे शिपाई इथे पीत. गुत्ता खाजगी होता, त्याला मालक होता, आणि पाद्र्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे मला लहानपणापासून ठाऊक होते.

आईची माफी मी तिकडे गेल्यावर मागेन.

सही: फि. शां. ओहोळ

आमच्यासमक्ष सही केली:
१. सोपान पुंजाराम शिंदे, गवंडी
२. दीपा संदीप साळवे, शेजारीण

भिंगार, १४ डिसेंबर २०२५