कार्डावरच्या दोन रिकाम्या जागा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
दि. २२ जून २०२५

ती. मामांच्या चरणी,
सौ. अक्षताचा सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात म्हणून पत्रच लिहितेय. फोनवर तुम्हाला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की दुकानातल्या गिऱ्हाइकांपासून समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्या वळसंगला आमच्या घरातलं कळतं. तुमचे चिरंजीव काही लिहिणार नाहीत. तुम्ही दोघे बापलेक समोरासमोर बसलात तरी पाऊसपाण्याच्या पुढे विषय सरकत नाही, तेव्हा सून म्हणून हे काम माझ्याकडेच.

तुमच्या नातीची शाळा सोमवारी सुरू झाली. सात वर्षांची झाली तरी बोलत नाही म्हणून दोन शाळांनी सिद्धीला परत पाठवलं होतं. ही शाळा अशाच मुलांसाठी आहे, इथे कुणी नाक मुरडलं नाही. व्हॅन नऊच्या सुमाराला कोपऱ्यावर येते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही, कारण काही मुलांना तो सहन होत नाही, म्हणून आपणच आधी जाऊन उभं राहायचं. डब्यात तिला स्वतःच्या हाताने खाता येईल असंच द्यायचं, भरवायला कुणी बसणार नाही. बुटांना नाड्या नकोत, चिकटपट्टी हवी. दप्तरात कपड्यांचा एक जादा जोड हवा आणि त्यावर नाव शिवलेलं हवं. आदल्या रात्री झोप झाली नसेल तर तसं चिठ्ठीत लिहून द्यायचं. आणि पैंजण नकोत, वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाला त्या आवाजाने त्रास होतो. हे अत्तींना जरा बेताने सांगा, मागच्या महिन्यात आजीच्या हौसेने त्यांनीच घातलेत.

आता तुमच्याकडचं काम. शाळेने एक ने-आण कार्ड दिलंय. त्यावर चार फोटोंच्या जागा आहेत. ज्यांचे फोटो असतील त्यांच्याच हाती मूल सोडतात. माझा आणि यांचा लावला. उरलेल्या दोन जागा तुमच्या आणि अत्तींच्या. पासपोर्ट आकाराचे फोटो लवकर पाठवा. टोपी घालून काढलात तरी चालेल असं मी विचारून घेतलंय, म्हणजे ती सबब नको.

अत्तींना नमस्कार सांगा. लोभ असू द्या आणि फोटोही असू द्या.

आपली,
अक्षता


वळसंग,
दि. ६ जुलै २०२५

चि. सौ. अक्षता हिस,
चनबसप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. वाचून दुकानाच्या गल्ल्यात नीट ठेवले आहे. इकडे तुरीची पेरणी झाली, पाऊस बरा आहे. तुझ्या अत्तींचे गुडघे त्यांच्या सवडीने दुखतात आणि त्यांच्याच सवडीने थांबतात. पैंजणांचे सांगितले. दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की सुट्टीत आली की घालीन, तितं कुटली शाळा हाय.

शाळेला व्हॅन आहे हे फार चांगले. दुकानात लोक विचारतात, त्यांना मी सांगतो की नात सोलापुरात मोठ्या शाळेत आहे, घरापर्यंत गाडी येते. भरवायचे नाही हे मात्र मला पटत नाही. उपाशी राहिली तर सांगणार कशी? तरी शाळेचे म्हणणे असेल तसे कर.

फोटोचे बघतो. आमच्या गुरुशांतच्या स्टुडिओतला कॅमेरा दुरुस्तीला गेला आहे म्हणे. आणि अक्षता, मला ओळखायला फोटो कशाला? वळसंगच्या एस.टी. स्टँडवर नुसते चनबसप्पा म्हटले तरी माणूस दुकानापर्यंत आणून सोडतात.

विरेशला तब्येतीला जपायला सांग. सिद्धव्वाला गोड पापा. आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर कळव.

चनबसप्पा


सोलापूर,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. मामांना,
अक्षताचा सा. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही आलो आणि घर चार दिवस सुनं वाटलं. सिद्धी रोज सकाळी तुमच्या दुकानातली वजनं शोधत फिरते. एक बातमी आहे. तहान लागली की ती आता रडत नाही. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यात चित्रं लावून दिली आहेत, त्यातलं पेल्याचं चित्र काढून माझ्या हातात ठेवते. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा मी पाणी द्यायचंच विसरले, नुसती बघत उभी राहिले. मग तिनेच मला चिमटा काढला. तुम्हाला काळजी होती ना, उपाशी राहिली तर सांगणार कशी? ती अशी सांगायला लागलीय. भुकेचं चित्रही आहे, ते ती जरा जास्तच वापरते.

शाळेतल्या सुकन्याताई मुलांना घरच्या माणसांचे फोटो रोज दाखवतात. न्यायला कोण आलंय, त्या फोटोवर हात ठेवायला शिकवतात. सिद्धीच्या कार्डावर अजून दोनच फोटो आहेत. बाकीच्यांच्या कार्डांवर आजी-आजोबा, मामा, आत्या असे भरलेले. गुरुशांतचा कॅमेरा जुलैपासून दुरुस्तीला आहे, पण गणपतीत त्यानेच गावभर फोटो काढले असं अत्ती सांगत होत्या. तेव्हा दुसरी सबब शोधा.

हो, पाडव्याला दुकानाच्या पायरीवर बसलेले रामहरीकाका मला विचारत होते की पोरीला इंग्लिश मीडियम झेपतंय का. मी नुसती हसले आणि आत गेले.

थंडी पडायला लागलीय, पहाटे उघड्या अंगाने अंगणात बसू नका. लोभ आहे, त्याला उतार पडू देऊ नका.

तुमची,
अक्षता


वळसंग,
दि. १३ जानेवारी २०२६

सौ. अक्षता हिस आशीर्वाद.

फार लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही. काल सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी सोलापूरला आलो होतो. आज नंदीध्वजांची मिरवणूक, तेव्हा म्हटले आदल्या दिवशी नातीला गड्ड्यावरच्या जत्रेतले पाळणे दाखवावेत, संध्याकाळी तुमच्याकडे मुक्काम करावा. तुम्हाला कळवले नाही, अचानक येण्यात गंमत असते असे वाटले. शाळा सुटायच्या वेळेला दारात उभा राहिलो. सिद्धव्वाने मला लांबून ओळखले. धावत आली, माझे धोतर धरले आणि हसायला लागली. आणि तिचा दुसरा हात शाळेतल्या मावशीने सोडला नाही.

तुझ्या सुकन्याताईंनी कार्ड मागितले. मी सांगितले की मी अज्जा आहे. नाव सांगितले, गाव सांगितले, आधार कार्ड काढून दाखवले. त्या म्हणाल्या की आडनाव जुळतंय आजोबा, पण मूल देता येणार नाही. बाकीचे पालक बघत होते. मी चाळीस वर्षे दुकान चालवले, लोकांनी माझ्या भरवशावर सोने ठेवायला दिले आहे. माझ्या रक्ताच्या पोरीला मी पळवून नेणार होतो काय? त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले, तुला फोन लावला. मी पाण्याला हात लावला नाही. शेंगापोळ्यांची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि अक्कलकोट गाडीने परत आलो. कळत्या वयापासून नंदीध्वज न बघता घरी बसलो असे हे पहिले वर्ष.

तू त्यांना सांगून ठेवायला हवे होते. यापुढे मी त्या दारात येणार नाही.

चनबसप्पा


सोलापूर,
दि. १७ जानेवारी २०२६

ती. मामांच्या चरणी,
अक्षताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले. चार लोकांसमोर तुमचा अपमान झाला, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी पोचले तेव्हा सिद्धी पायरीवर बसली होती. तुमची पिशवी तिने मांडीवर घेतली होती आणि फाटकाकडे बघत होती. घरी चल म्हटलं तर उठेना. तुम्ही परत येणार असं तिला वाटत होतं. शेवटी मावशींनी आणि मी उचलून रिक्षात बसवली.

पण मामा, मी सुकन्याताईंना काही बोलणार नाही. का, ते सांगते. मे महिन्यात आम्ही मंगळवार बाजारात गेलो होतो. मी भाजी घेत होते आणि माझा पदर सोडून सिद्धीने दुसऱ्याच एका बाईचा पदर धरला. ती बाई गर्दीतून निघाली, तिला कळलंही नाही. आम्ही वेड्यासारखे शोधत होतो. सिद्धी सापडली ती पार रस्त्यापलीकडे, एका पानाच्या टपरीजवळ. लोक तिला नाव विचारत होते आणि ती हसत होती. जो हात पुढे करील त्याच्याबरोबर गेली असती, अशीच हसत. तुम्हाला काळजी नको म्हणून यांनी कळवू दिलं नव्हतं.

दुसऱ्या कुठल्याही शाळेत तुम्ही गेला असता तर पोरीने स्वतः सांगितलं असतं की हे माझे अज्जा. आपल्या पोरीला ते सांगता येत नाही. धोतर धरून हसली हे खरं, पण ती सगळ्यांकडेच बघून हसते. तिच्या वतीने ते कार्ड सांगतं, आणि त्यावर तुम्ही नव्हता. सुकन्याताईंनी आडनावावर विश्वास ठेवून तिला सोडलं असतं, तर त्या दिवशी तुम्ही खूश झाला असता आणि मला मात्र पुढे एक दिवसही तिला तिथे पाठवायचा धीर झाला नसता.

आता एक बोलते, सुनेने बोलू नये असं आहे, तरी बोलते. रामहरीकाकांना मी हसून टाळलं, पण ते इंग्लिश मीडियम त्यांच्या डोक्यात कुणी घातलं हे मला कळतं. त्या कार्डावर फोटोच्या वर शाळेचं नाव छापलंय, मतिमंद मुलांची म्हणून. गुरुशांत विचारणार की फोटो कशाला, आणि ते तुम्हाला सांगायचं नाही. कॅमेऱ्याचं काही झालेलं नाही. माझं चुकत असेल तर मला रागवा, मी ऐकून घेईन. नसेल चुकत, तर एवढाच विचार करा की तुम्ही तिला गावात लपवता आणि तिच्या शाळेच्या दारात ती आपली व्हावी म्हणता. दोन्ही कसं होणार?

शेंगापोळ्या तिने सगळ्या खाल्ल्या, आम्हाला एक दिली. अत्तींना हे पत्र वाचून दाखवा किंवा दाखवू नका, तुमच्यावर सोडते. राग धरा, पण लोभ सोडू नका.

तुमची,
अक्षता


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

वळसंग,
दि. ८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. अक्षता हिस,
चनबसप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पहिले आठ दिवस रागात गेले, पुढचे आठ कशात गेले ते लिहीत नाही. पत्र तुझ्या अत्तींना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि लुगडे बदलून आल्या, म्हणाल्या की व्हय, चला, फोटो काढायला जाऊ.

गुरुशांतकडे तीन-चार जण बसले होते. त्याने विचारायचे ते विचारलेच की काका, फोटो कशाला, सरकारी काम हाय का. मी सांगितले की नातीच्या शाळेत लागतो. मतिमंद मुलांची शाळा आहे, तिला बोलता येत नाही, म्हणून आम्ही तिचे आहोत हे फोटोने सांगावे लागते. सांगून झाले. मला वाटले होते त्याच्या निम्मेही काही झाले नाही, फक्त माझा आवाज मलाच मोठा वाटला.

गुरुशांतने फोटो काढले. दोघांचेही सोबत पाठवत आहे. आम्ही निघालो तर तो मागोमाग रस्त्यावर आला आणि हळूच विचारायला लागला. त्याची बहीण मंद्रुपला दिली आहे, तिची मुलगी महादेवी दहा वर्षांची, आपल्या सिद्धव्वासारखीच. अजून कुठल्याच शाळेत घातली नाही. शाळेची गाडी किती लांबपर्यंत येते, दहाव्या वर्षी घेतात का, कपड्यात घाण करणारे मूल चालते का, डॉक्टरचा कसला दाखला लागतो, आईला पहिले काही दिवस बसू देतात का, हे सगळे त्याने मला विचारले. मला एकाचे उत्तर देता आले नाही. तू ते शाळेत सविस्तर विचारून ठेव, घाई आहे.

परवा त्याच्याबरोबर मंद्रुपला जाऊन आलो. त्याची बहीण चांगली बाई आहे, चहा केला, गव्हाची गोड हुग्गी केली. मुलीचे विचारले तर म्हणाली की ती आजोळी गेलीय. सासरे बाहेर बसले होते म्हणून तसे म्हणाली असेल. आजोळ म्हणजे गुरुशांतचेच घर, आणि तो माझ्या शेजारीच बसला होता. मी तिला कुठल्या तोंडाने बोलणार? मी एवढेच सांगितले की माझी नात त्या शाळेत जाते, तीही बोलत नाही, पाणी हवे असले की चित्र दाखवते. तिने माझ्याकडे बघितले आणि मग बाहेर सासऱ्यांकडे बघितले. ती उठली, आतल्या खोलीची कडी काढली आणि महादेवीला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

गुरुवारी मी त्या मायलेकींना घेऊन सोलापूरला येतो. सुकन्याताईंना सांगून ठेव. पोरीला गर्दीची सवय नाही, तेव्हा आम्ही शाळा भरल्यावर येऊ. अत्ती येते म्हणतात, गुडघे काय म्हणतात ते बघू. तुझ्यावर लोभ आहे, आणि आता थोडे भयही आहे.

तुझा,
चनबसप्पा