किरणवाल्याचा पत्ता

मुरबाड,
शनिवार, १९ जानेवारी १९४६

प्रिय जिवली,

हे पत्र टपालात न टाकता तुझ्या भावोजींच्या हाती देते आहे. टपाल पोचेल मंगळवारी, आणि दामूमामा तुला मुंबईला घेऊन निघणार सोमवारी. भावोजी किन्हवलीला पोचतील तेव्हा तू बोचकं बांधत असशील. ते तसंच राहू दे. आधी पडवीत बसून हे सगळं वाच, मग आईला वाचून दाखव.

तुझं पत्र मिळालं. हनुवटीवरचे केस आता ओठावरही आले, चैत्रात चंदरशी लग्न, आणि त्याआधी त्याची आत्या पुन्हा बघायला येणार. 'आक्का, आरशात बघवत नाय गो,' असं लिहिलंस. ती ओळ वाचून मला चुलीपुढून उठवेना. मला ठाऊक आहे ना ते. मी सोळा वर्षांची असताना टोकावड्याची माणसं मला बघायला आली होती. त्यांच्यातल्या एका बाईनं माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि आईला म्हणाली, "पोर कामाला चांगली हाय, पन हिला न्हावी लागंल." सगळे हसले. तू सात वर्षांची होतीस. सगळे हसतात म्हणून तूही हसलीस. त्याचा राग नाही गो मला, पण तो आवाज कानातून जात नाही.

त्यानंतर आईनं काय काय केलं ते तुला आठवत नसेल. आधी राख लावून एकेक केस उपटला, तर तिथे फोड आले. मग धोंडीबाईनं हरताळ आणि चुन्याचा लेप सांगितला. केस गेले, पण त्याबरोबर कातडीही सोलवटली. पंधरा दिवस मी नुसती पेज पीत होते, आणि महिन्याभरात केस होते तसे परत. शेवटी दामूमामानं मुंबईतल्या त्या किरणवाल्याचा पत्ता आणला. पांढरा डगला घातलेला माणूस, भिंतीवर गोऱ्या बायांची चित्रं. खुर्चीत बसवून हनुवटीजवळ एक डबा आणायचा, यंत्र घूं करायचं, की झालं. दुखायचं काहीच नाही. मामाकडे राहून मी अशा बारा खेपा केल्या. पाचव्या खेपेनंतर केस आपोआप हाताला येऊ लागले. तो म्हणाला, "आता कायमची सुटलीस बाई." ते खोटं नव्हतं. दहा वर्षांत एक केस उगवला नाही. लग्न झालं, टोकावड्याच्या बाईची चांगली जिरवली असं वाटलं.

पण लग्नाला तीन वर्षं झाली आणि तिथली कातडी सुकायला लागली. पांढरी पडली, ताणली गेली, तिच्यावर लाल रेघा उमटल्या. विचारलं की मी सांगायची, भजी तळताना तेल उडालं. तुझ्या भावोजींनाही तेच सांगितलं. मी नेहमी पदर गालावर ओढून घेते, त्याला तुम्ही सगळे माझी लाज समजत होतात.

श्रावणात तिथे एक फोड आला. फुटला आणि भरेचना. हळद लावली, मलम लावलं, सकुबाईकडून झाडपाला आणून लावला. मार्गशीर्षात भावोजी मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, "इथे एक्स-रेचे किरण घेतले होतेत का?" भावोजी बाजूलाच उभे होते. मी खाली बघून हो म्हटलं. बाईंनी सांगितलं की हे भाजणं वरून दिसत नाही, आत राहतं आणि कित्येक वर्षांनी बाहेर येतं. माझ्यासारख्या दोघी त्यांनी आधी पाहिल्यात. दोघींचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तुझ्यासाठी मात्र विचारलं. त्या म्हणाल्या, कायमचं घालवायचं तर एकच वाट, विजेची बारीक सुई. प्रत्येक केसाच्या मुळाशी टोचून तेवढंच मूळ जाळायचं. टोचतं, महिनेच्या महिने लागतात, काही केस परत येतात, पुन्हा टोचावे लागतात. तेही जाणत्या हातानं नाही केलं तर खड्डे पडतात. तोवर कात्रीनं बारीक कापायचे, नाहीतर वस्तरा फिरवायचा. वस्तऱ्यानं केस राठ होतात हे आपल्याकडे सगळे म्हणतात, ते खरं नाही म्हणे. त्या स्वतः सुईचं काम करतात आणि तुला तपासायला तयार आहेत. चैत्रापर्यंत चेहरा साफ होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. दिवाळीत किन्हवलीला आले तेव्हा किरणवाल्याचा पत्ता आईला मीच लिहून दिला. तेव्हा पदराखाली जखम वाहत होती. आई म्हणाली, "गुणे, तुझं कसं छान झालं, जिवलीचंबी कर," आणि माझं छान झालेलं नाही हे मला तिच्यापुढे बोलवेना. तुझ्या तोंडापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली. जखम हाडापर्यंत गेली आहे, म्हणून बुधवारी माझा जबडा कापणार आहेत. किती कापतील ते कापल्यावरच कळेल, आणि नंतर बोलता येईल की नाही हे बाईंनाही सांगता येत नाही. म्हणून बोलायचं ते आज लिहिलं. भावोजींना काल सगळं सांगितलं, तुला पत्र लिहिणार हेही. ते म्हणाले, "पत्र मी नेतो. पोरगीला त्या खुर्चीत बसू देनार नाय." जिवली, आत्याबाईला काय म्हणायचं ते म्हणू दे, लग्न मोडलं तर मोडू दे, पण तू सोमवारी जाऊ नकोस. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव.

तुझीच,
गुणाआक्का