काचेवरचा जवला

मंगळवार, २८ जानेवारी
चालली! बोयसरजवळच्या माहीम गावच्या बंदरावरची आपली बर्फ करायची पेटी निव्वळ सोलरवर दिवसभर चालली! बोयसरला परतताना रिक्षात मी एकटीच हसत होते. रविवारी गावच्या बैठकीत ‘ठेवा’ म्हणाले की पेटी गावाची आणि माझा प्रबंध पुरा. नाहीतर गाशा गुंडाळायचा.

बुधवार, २९
दुपारी बंद. आमचा इलेक्ट्रिशियन शैलेश म्हणतो, “बॅटरी ठणठणीत आहे, काचा पुसा.” कालच तर पुसल्या!

गुरुवार, ३०
चोर सापडला! न सांगता भर दुपारी गेले, तर सोलरच्या काचांवर जुनं जाळं अंथरून गावातली जमनाकाकी खुशाल जवला (बारीक कोळंबी) सुकवत होती. मी ओरडलेच!
“वराडू नको गो हेमांगी. खाली सगली वाळू. वाळूचा जवला कोन घेल? काच कशी साफ, आन गरम!”
“अहो, पण मग तुमची मासळी बर्फात कशी राहणार?”
“माजी कुटली? माजी बोट हाय का? बर्फ बोटवाल्यांना. आमी बाया सुकवतो आन इकतो.”
वर्षभर घरोघर ‘बर्फ हवा का?’ विचारत हिंडले. सुकवण्याबद्दल अवाक्षर नाही! कपाळ माझं! रागाने निघाले खरी, पण स्टॉपवर पोचेपर्यंत हसू आवरेना. पिशवीत काकीने कोंबलेला ओंजळभर जवला.

शुक्रवार, ३१
जवला सुकवायला पत्र्याची पेटी, वर काच, आत भंगारातला पंखा — शैलेशने तो त्याच सोलरला जोडला. सकाळचा जवला दुपारी कुरकुरीत! वाळू नाही, कावळे नाहीत! काकीच्या शेजारी बसून मासळी विकणाऱ्या मंदाने चिमूटभर तोंडात टाकला आणि पुन्हा हात पुढे केला. मी नाचायचीच बाकी होते!
पण सगळ्या बायांना पुरेल एवढी मोठी सुकवायची पेटी केली, तर वीज एकालाच पुरणार. बर्फ नाहीतर जवला.

रविवार, २ फेब्रुवारी
बोटवाल्यांतले कृष्णकांत तांडेल म्हणाले, “बर्फच ठेवू. म्याडमचं शिक्षन त्यावर हाय.” जमनाकाकी म्हणाली, “बर्फाची पेटी तुमीच ठेवा. काचा आमाला द्या!” केवढा हशा! पण “जवल्यासाठी हात वर करा” असं तांडेलांनी म्हटल्यावर एकाही बाईचा हात वर जाईना. समोर बोटवाले बसलेले ना!
मला तिथे मत नाही. तरी पहिला हात माझा वर गेला. मग काकीचा. मग बायांचे इतके हात वर गेले, की मोजायची गरजच उरली नाही.