कोरा रकाना

प्रिय आरिफ,

तुझी मुलगी बरी आहे. वजन दोन किलो आठशे. काल कावीळ तपासली, औषधाची गरज नाही. रुबीनाचा ताप उतरला. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू चिडशील.

फोनवर तू दोन कामं सांगितलीस. दवाखान्यातल्या जन्मनोंदणीच्या अर्जावर ‘मायरा’ लिहायचं, आणि सोमवारी, अकीक्याच्या दिवशी नाव ठेवताना, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे फुफी म्हणून मी तेच नाव तिच्या कानात सांगायचं. कारणही सांगितलंस. “नुसत्या नावावरनं कळू नये, आपा. पुण्यात भाड्याची तीन घरं नाव ऐकूनच गेली माझी. तिची तरी जाऊ नयेत.” मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. त्यावर चिडून तू जे बोललास, त्याचं उत्तर पुढं देते. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून हे कुरियरनं पाठवते आहे.

अर्ज मी भरला. तारीख, वेळ, तुम्हा दोघांची नावं, पत्ता. मुलीच्या नावाचा रकाना कोरा ठेवला. नोंदणीच्या खिडकीतल्या पिराजीमामांनी चष्म्यावरनं बघितलं. “ताई, ह्यो रिकामाच हाय की.” म्हटलं, घरात एकमत नाही. “मग ऱ्हाऊ द्या. वरीसभरात कवाबी या, भरून घिऊ. एवढ्याशा पोरीला नावाची काय घाई!” मग आपणहूनच म्हणाले, “माझ्या आईनं पिराला नवस केलता, म्हणून मी पिराजी. कोण काय म्हणतंय मला?” खरं आहे, त्यांना कोणी काही म्हणत नाही. तुला म्हणतात. तुझी भीती खोटी आहे, असं मी कुठंच लिहिणार नाही.

‘मायरा’चा अर्थ मी शोधला. तीन ठिकाणी तीन अर्थ सापडले, आधार एकाचाही दिलेला नव्हता. ‘हाजरा’चाही शोधला, कारण एकोणतीस वर्षं ते नाव लावूनही मी ते कधी तपासलं नव्हतं. बहुतेक कोश ‘घर सोडून निघालेली’ असा अर्थ देतात. काही म्हणतात, शब्द अरबीपेक्षा जुना असावा. खात्री नाही, म्हणून ते सोडते. गोष्ट मात्र पक्की आहे. तान्ह्या इस्माईलला घेऊन वाळवंटात एकटी राहिलेली बाई, पाण्यासाठी दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. आजही हजला गेलेला प्रत्येक माणूस, मजूर असो की राजा, तिच्या वाटेनं सात फेऱ्या घालतो. दादी म्हणायची, “रडत बसणारीचं नाव न्हाय ते. पाणी हुडकणारीचं हाय.”

दादी हाजराबी कोडोलीच्या बाजारात बांगड्या भरायची, तुला अंधुक आठवत असेल. लग्नाचा चुडा भरायला बायका तिलाच बोलवायच्या. “हाजरामावशी आल्याबिगर नवरीनं हात पुढं करायचा न्हाय,” असं पाटलांच्या घरातसुद्धा चालायचं. ते नाव मला मिळालं. शाळेत हजेरीच्या वेळी मुलं त्यावरून खिदळायची, तेव्हा तू, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, एकाचं दप्तर विहिरीत टाकलं होतंस.

मी फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करते. साच्यातून निघालेल्या प्रत्येक ओतावर त्याचा नंबर असतो. नंबर घासून गेलेला ओत कितीही निर्दोष दिसला तरी मी तो पुढं सोडत नाही. तो कुठून आला, हे मला सांगता येत नाही.

आता तू म्हणालास ते. “तू कुणाला शिकवतीस, आपा? बावड्यात हर्षा म्हणूनच ऱ्हातीस न्हवं?”

राहते. दोन वर्षं झाली. आडनाव देसाई, दोन्हींकडे चालणारं, घरमालकीण शालूबाईंनी कागद मागितला नाही, आणि नाव विचारल्यावर मी हर्षा सांगितलं. खोली मिळाली. एकादशीला त्या माझ्यासाठी खिचडीची ताटली आणून ठेवतात. रमजानमध्ये गोळ्या चालू आहेत, दिवसा खात नाही, असं मी त्यांना सांगते. तुला एवढंच माहीत आहे. मार्चमध्ये अम्मी डबा घेऊन आली होती, ते मी तुला सांगितलं नाही. तिला मी आधीच बजावून ठेवलं होतं. ती जिन्याखाली उभी राहिली आणि तिनं हाक मारली, “हर्षा! ए हर्षा!” शालूबाईंशी अर्धा तास बोलली, एकदाही चुकली नाही. एसटीत सगळी वाट घोकत आली असणार. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शाळेच्या दारात रुबीनाला ‘अम्मी’ म्हणू नकोस, हेही तुला मायराला एक दिवस शिकवावं लागेल, आरिफ. नाव बदलून काम तिथंच थांबत नाही.

हे पत्र अशासाठी, की आज कामावरून खोलीवर गेल्यावर मी शालूबाईंना माझं नाव सांगणार आहे, आणि त्याचा निकाल कळायच्या आधी तुला माझं मत लेखी द्यायचं होतं. नंतर दिलं असतं, तर तू म्हणाला असतास, घर टिकलं म्हणून बोलतेस, किंवा गेलं म्हणून हट्टाला पेटलीस. त्या काय करतील, मला अंदाज नाही. सोमवारी माझ्यासोबत कपड्यांची बॅग दिसली तर काय झालं ते समज, सगळ्यांसमोर विचारू नकोस. मायराच ठेवायचं असेल तर कानात सांगायला रुबीनाच्या बहिणीला बोलव. मी मागं उभी राहीन, रुसणार नाही. माझ्याकडून हवं असेल, तर मी हाजरा सांगेन. आणि कुजबुजणार नाही.

तुझीच आपा,
हाजरा