आईचं तेव्हा वय काय होतं

घाटकोपर (पूर्व),
ता. ११ नोव्हेंबर १९७३

ती. गं. भा. रत्नाताईच्या सेवेशी,
शेवंतीचा कृ. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली कुळथाची पिठी आणि आमसुलं पोचली. दिवाळी झाली एकदाची. फराळाचं सगळं या वर्षी अनूने केलं. तिच्या चकल्या म्हणजे दात असलेल्यांनीच खाव्यात अशा झाल्या होत्या, पण मी बोलले नाही. बोलणार कुठल्या तोंडाने? मी नेमकी बाजूला बसलेली होते. तू म्हणशील, दसऱ्यालाही बाजूलाच होतीस ना? होते. कधी दोन-दोन महिने काही नाही, तर कधी पंधरा दिवसांत दोनदा. आमच्या एका खोलीत बाजूला म्हणजे मोरीपाशी गोणपाट टाकून. पोरगी कॉलेज करून चूल सांभाळते, आणि मी गोणपाटावर बसून तिला फोडणीत मोहरी आधी टाक म्हणून ओरडते.

तेवढंच असतं तर चाललं असतं. पण दिवसातून सात-आठ वेळा छातीतून आग निघते ती थेट डोक्यात जाते. पदर पिळून काढावा इतका घाम, आणि मागोमाग हुडहुडी. झोप नाही. दूध चुलीवर ठेवलेलं आठवत नाही. परवा हे आमटीत मीठ कमी आहे एवढंच म्हणाले, आणि मी वाटी भिंतीवर फेकली. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे जेवण संपवलं आणि म्हणाले, तुझ्या आईसारखं व्हायला लागलंय. ताई, मला तेच वाक्य दिवसभर ऐकू येतं.

शेवटी अनू मला धरून इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई फटकळ आहेत पण ऐकून घेतात. म्हणाल्या, हे वयाचं असणार, पण तपासून पाहू. लघवीतून हार्मोन्स मोजतात म्हणे. त्यांनी विचारलं की आईचं कधी थांबलं आणि तिला तेव्हा काय त्रास झाला. मला सांगता येईना. अनू पाच महिन्यांची असताना मी आले होते, तेव्हा आई भर दुपारी विहिरीवर उभी राहून डोक्यावर कळशीमागून कळशी ओतून घ्यायची, एवढंच आठवतं. पुढच्या खेपेला आले तर ती पडवीत राहायला गेली होती आणि चाव्या तुझ्या कमरेला होत्या. तू सतत तिच्याजवळ होतीस. आईचं तेव्हा वय काय होतं, तेवढं विचारून कळव.

दमले गं मी. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
शेवंती


पाणंदवाडी, ता. मालवण,
ता. २४ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे भात झोडून झालं. यंदा उतारा बरा आहे. पाडेली येऊन नारळ उतरवून गेला. आई नेहमीसारखी आहे. सकाळी पडवीत झावळ्यांचे हीर काढत बसते, केरसुण्या बांधते. बोलत नाही, पण आताशा त्रासही देत नाही.

तुझ्या पत्राच्या आधीच दशरथरावांचं पत्र आलं होतं. तुला सांगितलं नसेल, रागावू नकोस. त्यांनी काळजीनेच लिहिलंय. त्यांचं म्हणणं, देवाला कौल लावून विचारावं, काही बाधा आहे का. आणि अनूची परीक्षा झाली की चैत्रात तुला इकडे आणून सोडावी, बरी होईपर्यंत. मलाही ते पटतं. इस्पितळात बाटल्या नेऊन देणं आपल्याकडे कुणी केलेलं नाही. इकडे मोकळी हवा आहे. पडवीत आईच्या शेजारी एका माणसाची जागा सहज होईल. मी ती लोटून, सारवून ठेवते.

तोवर आमसुलाचं सरबत घे. पित्त वाढवणारं काही खाऊ नकोस. आईचं विचारलंस, तर तिला आता जुनं काय आठवणार? उगाच कशाला उकरायचं?

अनूला शुभाशीर्वाद. माया आहेच हे तुला लिहून कळवायला नको.

तुझी ताई,
रत्नप्रभा


घाटकोपर (पूर्व),
ता. ९ डिसेंबर १९७३

ती. ताईस,
शेवंतीचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, मग चिडले, मग घामाघूम झाले. आताशा हा क्रम ठरलेलाच आहे.

मी पडवीत येणार नाही. ऐकलंस ना? बरी होईपर्यंत म्हणतेस. आईलाही बरी होईपर्यंतच ठेवलं होतं ना? त्याला सोळा वर्षं झाली. यांना मी सांगितलंय, आधी इस्पितळाचा रिपोर्ट येऊ दे, मग तुम्हाला काय करायचं ते करा. हे म्हणाले, रिपोर्टपर्यंत थांबतो. म्हणजे माझं सगळं आता त्या एका कागदावर आहे.

आणि त्या कागदाची काय वाट लागली ते ऐक. चोवीस तासांची सगळी लघवी एका बाटलीत जमवायची होती. बाटली मोठी, आत आधीच औषध घातलेलं. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. दर खेपेला पिशवीत बाटली घालून मी निघाले की मालन शेजारीण विचारायची, रॉकेल कुठे मिळतंय? हल्ली रॉकेलच्या रांगा किती लागतात ते तुला काय सांगू. तिसऱ्या खेपेला ती स्वतःचा डबा घेऊन माझ्या मागे निघाली.

तर दिवस पुरा झाला, बाटली भरली, आणि त्याच सकाळी मी बाजूला बसले. अनू आदल्या दिवशीच कॉलेजच्या शिबिराला गेलेली. बाटली दहाच्या आत पोचवायची होती. मी यांना मोरीपाशी बसून दहादा सांगितलं. हे बाटलीकडे बघत उभे राहिले. मी शिवलेली ना ती! यांना ती काठीने ढकलत तर नेता येत नव्हती. शेवटी टोपी घालून कामावर गेले. बाटली चार दिवस मोरीपाशी माझ्याबरोबर बसली. चौथ्या दिवशी न्हाऊन मी ती घेऊन गेले, तर डॉक्टरीणबाईंनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, बाई, हे आता कुठल्याच कामाचं नाही. नवी बाटली दिली. कारण सांगताना मला जी लाज वाटली, ती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सगळं. त्यांनी पुन्हा आईचं वय विचारलं. मी म्हटलं, ताईला विचारते. ताई, आठवत नसेल तिला, पण तू तर तेव्हा बत्तीस वर्षांची होतीस. तुला आठवत असेल.

कौल लावू नकोस, तुझ्या पाया पडते. चिडून लिहिलं म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझी,
शेवंती


पाणंदवाडी,
ता. २१ डिसेंबर १९७३

चि. सौ. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

कौल लावलेला नाही. गुरव आजारी आहे. मी देवळापर्यंत गेले होते, परत आले.

तुझ्या बाटलीची गोष्ट वाचून हसू आलं, मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दशरथरावांना दोष देऊ नकोस. माणूस वाईट नाही, त्यांना कुणी वेगळं शिकवलंच नाही. आपल्यालाही नाही.

एक विचारायचं होतं. तुझ्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात, ही आग किती वर्षं राहते? दोन वर्षं झाली, तीन झाली, तरी कमी होत नसेल तर? छाती धडधडते तेही त्यातलंच का? आणि हाताच्या बोटांना मुंग्या येतात ते? यावर गोळ्या असतील तर त्या नुसतं पत्रातून कळवून मिळतात का? असंच विचारलं. वाडीतल्या एका बाईला त्रास आहे.

आई बरी आहे. थंडी पडली आहे, तिला घोंगडी दिली. लेकराबाळांसह सुखी राहा, आठवण ठेव.

तुझी ताई,
रत्नप्रभा


घाटकोपर (पूर्व),
ता. १७ जानेवारी १९७४

ती. ताईस,
शेवंतीचा कृ. सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. खडा आहे, वडी नाही, कारण पाक यंदाही माझ्याकडून चुकला. गोड बोल, आणि या वेळी खरं बोल.

रिपोर्ट आला. दुसरी बाटली अनूने नेली. त्या सकाळी मी पुन्हा बाजूला बसेन की काय या धास्तीने मला घाम फुटला होता, तर पोरगी म्हणाली की तू बसलीस तरी मी नेणार आहे. बाटली काखेत मारली आणि चालती झाली. हे पाहत होते.

डॉक्टरीणबाईंनी यांना मुद्दाम बोलावून घेतलं. कागद यांच्यापुढे ठेवला. एक आकडा फार खाली, दुसरा फार वर. सांगितलं की गर्भाशयाजवळच्या ग्रंथी काम आवरायला लागल्या आहेत, आणि डोक्यातली एक ग्रंथी त्यांना काम करा म्हणून हाका मारत सुटली आहे. त्या ओढाताणीत बाईला आग, घाम, राग, विसर सगळं होतं. बाधा नाही, वेड नाही. गोळ्या दिल्यात, त्या थोड्या दिवसांसाठीच. पण स्पष्ट म्हणाल्या की एका दिवसात काही जाणार नाही, आणखी दोन-तीन वर्षं सोसावं लागेल. यांनी एकच विचारलं, म्हणजे हिला कुठे पाठवायची गरज नाही ना? त्या म्हणाल्या, हिला खिडकीपाशी झोपवा.

आता मी खिडकीपाशी झोपते आणि हे दारापाशी. आग अजून निघते. काल पुन्हा दूध उतू गेलं. पण मी पडवीत येणार नाही, एवढं पक्कं झालं. त्यानेच मी निम्मी बरी झाले.

तुझ्या वाडीतल्या बाईला सांग, धडधड त्यातलीच, मुंग्याही त्यातल्याच असू शकतात. पण तपासल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत. तिला मुंबईला यावं लागेल. बहिणीकडे उतरली तरी चालेल. ताई, तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी सेहेचाळीस. मला हिशेब येतो.

आणि आईचं वय? हे तिसऱ्यांदा विचारतेय. आता डॉक्टरीणबाईंसाठी नाही, माझ्यासाठी. माझ्यावरची तुझी माया पुरेशी असेल तर सांगशील.

तुझी,
शेवंती


पाणंदवाडी,
ता. ४ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

आईचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं. एक्कावन्नाव्या वर्षी थांबलं. हे आता तिला विचारून लिहीत नाही. मला तेव्हापासून माहीत आहे.

तिचंही तुझ्यासारखंच झालं होतं. कधी महिनाभर वाहतंय, कधी काही नाही. बाजूला बसायची की आत यायचं, तिचं तिला कळेना. त्यात ते विहिरीवर पाणी ओतून घेणं आणि भांडी आपटणं. बाबांनी देवाकडे गाऱ्हाणं घातलं की हिने चुलीपाशी, देवापाशी वावरावं का? डावा कौल पडला. म्हणजे नाही. तेव्हा आई पडवीत गेली आणि चाव्या माझ्या कमरेला आल्या. बरी झाली की पुन्हा विचारू, असं बाबा म्हणाले. पुढे दोन वर्षांत ते गेले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, शिमग्याच्या सुमारास आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली. वर्ष होत आलं, काही नाही, म्हणाली. आगही गेली. आत येऊ का? मी म्हटलं, कौल लावून विचारते. शेवंती, मी विचारलाच नाही. आधी लावणी होती, मग कापणी होती. मी बाविसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले. अशा बाईला घरात जागा असते, पण तिच्या शब्दाला नसते. कमरेला चाव्या आल्यावर मला पहिल्यांदा कुणीतरी विचारून काम करायला लागलं. ते मला सोडवेना. आईने आणखी दोनदा विचारलं. मग विचारायची थांबली. पुढे बोलायचीच थांबली, आणि आपण सगळ्यांनी त्याला वेड म्हटलं.

वाडीतली ती बाई मीच, हे तू ओळखलंसच. तीन वर्षं झाली. पहाटे विहिरीवर जाऊन भिजायचं, ओलं लुगडं वाडीत कुणी उठायच्या आत वाळत घालायचं. महिन्याचं वेळीअवेळी आलं तरी कुणाला सांगितलं नाही. तशाच अंगाने रांधलं, तशाच हाताने देवाला नैवेद्य दाखवला. सांगितलं असतं तर कुठे बसावं लागलं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. आणि तुझ्यासाठी मात्र मी तीच जागा सारवायला निघाले होते.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी पडवीत जाऊन आईला सगळं वाचून दाखवलं. रिपोर्टचंही. ती हीर काढत होती, मान वर केली नाही. वाचून झाल्यावर मी चाव्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्यांना हात लावला नाही. उठली, आत गेली, चुलीपाशी बसली, आणि मीठ कुठे ठेवतेस म्हणून विचारलं. सोळा वर्षांत मी मिठाची बरणीसुद्धा हलवली होती. तिने दोघींसाठी पेज केली.

जेवताना मला धीर झाला. म्हटलं, आई, मलाही तोच त्रास आहे. ती म्हणाली, माहीत आहे. पडवीतून वाळत घातलेलं समोर दिसतं. तीन वर्षं तुझं ओलं लुगडं पहाटे बघतेय. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर वाडीने तुला बाहेर बसवलं असतं.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. या वेळी लिहवत नाही. उरला असेल तर तूच कळव.

तुझी,
रत्ना